‘जास्त बनवा, नफा वाढेल’: हा हिशोब कुठे चुकतो

छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय. सारांश असा: मशीन रिकामं ठेवू नका, उत्पादन वाढवलं की नगामागचा खर्च उतरतो आणि नफा वाढतो, मार्जिनल कॉस्टिंग (नगावर फक्त नगागणिक वाढणारा खर्च धरायची पद्धत) परीक्षेपुरतं, कायदा ॲब्सॉर्प्शनच (कारखान्याचा स्थिर खर्चही नगांवर वाटायची पद्धत) मानतो, आणि पूर्ण खर्चाच्या खाली एकही ऑर्डर घेऊ नका. कारखान्यांचं कॉस्टिंग हे माझं रोजचं काम आहे. या सल्ल्यापायी अडकलेला पैसा मी पाहिलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पहिला दावा, कारण नुकसान तिथेच होतं. समजा, पुली बनवणारा कारखाना आहे. विक्री ५०० रुपयांना. बीड (ओतायचं लोखंड), भट्टीचा कोक, नगावर दिलेली मजुरी असा नगागणिक वाढणारा खर्च ३०० रुपये. शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार, घसारा असा कारखान्याचा स्थिर खर्च महिन्याला ६ लाख. ५,००० नग बनवले, ५,००० विकले, तर नगावर स्थिर खर्च १२० रुपये आणि नफा ४ लाख. दोन्ही पद्धतींनी तेवढाच.

पुढच्या महिन्यात ६,००० बनवले, विकले मात्र ५,०००च. आता स्थिर खर्च नगामागे १०० रुपये झाला. ॲब्सॉर्प्शनने नफा ५ लाख दिसतो, मार्जिनलने ४ लाखच. गिऱ्हाईक तेच, दर तोच, मग वरचे १ लाख आले कुठून? न विकलेल्या १,००० नगांच्या अंगावर प्रत्येकी १०० रुपये स्थिर खर्च चढवून तो शिल्लक मालात टाकला, म्हणून. उलट त्या नगांच्या बिडाला आणि मजुरीला खिशातून ३ लाख गेले. तिसऱ्या महिन्यात ४,००० बनवून साठ्यासकट ५,००० विकले की ॲब्सॉर्प्शनचा नफा ३ लाखांवर घसरतो. मार्जिनलचा ४ लाखच राहतो. म्हणजे फरक फक्त खर्च कुठल्या महिन्यात पडतो याचा, आणि मालक मात्र मधल्या ५ लाखांवर खूश होऊन नवीन मशीनचं बुकिंग करून बसलेला असतो.

अशाच एका कारखान्याच्या मागच्या आवारात मी उभा होतो. पुल्यांच्या थप्पीवर खडूने लिहिलेली तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती, मधल्या भोकात गंज धरलेला. ताळेबंदात तो माल पूर्ण खर्चाने उभा होता. त्या साठ्यावर बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्ज, उचललेली, व्याजही चालू.

कायद्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. शिल्लक मालाची किंमत कशी धरायची ते सांगणाऱ्या लेखा मानक २ प्रमाणे शिल्लक मालात उत्पादनाचा स्थिर खर्च धरावाच लागतो, आयकरासाठीच्या तशाच मानकात, आयसीडीएस २ मध्येही तसंच. पण तेच मानक सांगतं की हा खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा. उत्पादन कमी झालं म्हणून नगावरचा बोजा वाढवायचा नाही, उरलेला खर्च त्याच काळात नफ्यातून वजा करायचा. शिवाय मालाची बाजारात येणारी निव्वळ किंमत खर्चाहून कमी असेल तर तीच धरायची. आवारातल्या गंजलेल्या थप्पीला हा नियम लागू होतो. आणि कायदा वार्षिक हिशोबाबद्दल बोलतो. दर महिन्याला मालकाच्या टेबलावर काँट्रिब्युशनचा (विक्रीतून नगागणिकचा खर्च वजा करून उरणाऱ्या रकमेचा) तक्ता ठेवायला त्याने कधीच मनाई केलेली नाही.

राहिला ऑर्डरचा प्रश्न. लाइनवर खरोखर जागा असेल आणि कुणी १,००० नग ३८० रुपयांना मागितले, तर ४२० च्या (३०० अधिक १२०) पूर्ण खर्चाकडे बघून नकार देणं म्हणजे ८० हजार सोडणं. नगामागे ८० रुपये स्थिर खर्चाला हातभार लावतात. नाही घेतली तरी शेडचं भाडं चुकत नाही.

मात्र मार्जिनलवाल्यांनाही एक सांगायचंय. नगागणिकचा खर्च नीट वेगळा काढा. महावितरणच्या बिलातला डिमांड चार्ज स्थिर, वापरलेल्या युनिटांचे पैसे बदलते. सगळं बिल एका खात्यात टाकलं की तक्ता फसतो. कायम कामगारांचा पगारही उत्पादन घटलं म्हणून घटत नाही. आणि सगळीच ऑर्डर ३८० ने घेतली, तर ५,००० नगांवर ४ लाख हाती येतील आणि स्थिर खर्चाचे ६ लाख तसेच उभे असतील. म्हणून अशा ऑर्डरला होकार देण्याआधी फोरमनला विचारा, मोल्डिंगला जागा खरंच आहे का, आणि नेहमीचं गिऱ्हाईक हीच पुली ५०० ला नेतं का.