आठवणीच्या दिवशी जेवण गोड लागलं तर?

यंदा 30 सप्टेंबरला, म्हणजे 1993 च्या किल्लारी भूकंपाच्या स्मृतिदिनी, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद झाला. भाचीचा वाढदिवस त्याच तारखेला असतो. ताईने केकचा फोटो टाकला, तर काकांनी लिहिलं, ‘किल्लारीच्या दिवशी केक? जरा भान ठेवा.’ ताईने फोटो काढून टाकला. पूर आला, दरड कोसळली की सण करायचे का, हा वाद आपल्याकडे होतोच. 2019 च्या महापुरानंतर अनेक मंडळांनी गणपती साधेपणाने बसवून पैसा कोल्हापूर-सांगलीला दिला, ते योग्यच होतं. तेव्हा घराघरांत चिखल होता. पण तीस वर्षं उलटल्यावरही हसण्यावर बंदी घालायची?

मी राहतो त्या जपानमधल्या कोबे शहरात 17 जानेवारी 1995 ला पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला. शहरात आणि आसपास मिळून 6,434 माणसं गेली. किल्लारीत 1993 साली विसर्जन आटोपून गाव झोपलेलं असताना 3 वाजून 56 मिनिटांनी दगडमातीच्या भिंती आणि माळवदं अंगावर आली. इथे जड कौलांची जुनी लाकडी घरं. दोन्हीकडे माणसं अंथरुणातच गेली.

इथेही त्या पहाटे महापालिकेजवळच्या बागेत बांबूचे दिवे लावून लोक स्तब्ध उभे राहतात. पण 17 जानेवारी हा जपानमध्ये भाताच्या मुटक्यांचाही दिवस आहे. भूकंपानंतर स्वयंसेवकांनी हाताने वळलेले ओमुसुबी, म्हणजे हे मुटके, लोकांना खाऊ घातले, त्याची आठवण म्हणून 2000 साली हा दिवस ठरवला गेला. आमच्या शेजारच्या आजी त्या सकाळी मिठाच्या पाण्यात तळवे बुडवून वाफाळता भात वळतात, आत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घालतात, वरून नोरी, म्हणजे समुद्रशेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, गुंडाळतात. हात चांगलेच भाजतात. मग आम्ही सगळे मिळून खातो, नातवाच्या परीक्षेवर बोलतो, खळखळून हसतोही. त्यांना कुणी भान ठेवा म्हणत नाही.

आणि आपल्याला तरी हे कुठे परकं आहे? माझे आजी-आजोबा किल्लारीच्या त्या रात्री गेले. पितृपक्षात आई आजीच्या आवडीचे धपाटे करते, दह्याबरोबर पानात वाढते, आणि नंतर आम्ही ते चवीने खातो. गेलेल्या माणसासाठी रांधावं आणि पोटभर जेवावं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत.

ज्याला त्या दिवशी घास उतरत नाही, त्याला कुणी आग्रह करू नये. त्याने मात्र दुसऱ्याचं ताट मोजू नये.

किल्लारीच्या स्मृतिस्तंभाला मानवंदना दिली जाते, ती द्यावीच. पण भाषणं झाली की तिथे एक पंगत बसावी, पोरांना दंगा करू द्यावा, आणि ढिगाऱ्यातून निघाल्यावर पहिली भाकरी कुणी दिली होती, हे म्हाताऱ्यांना विचारावं. तेव्हाची कर्ती माणसं आता साठी-सत्तरीला टेकली आहेत. हे लवकर व्हायला हवं.