बेसमेंटमधली पाटी

आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला की कॅनडा मध्ये येतोच. सीसीएमपी या आधुनिक औषधशास्त्राचा वर्षभराचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलनं घ्यावी की नाही, यावरून १८ सप्टेंबर २०२५ला ॲलोपॅथीवाल्यांनी संप केला. तेव्हापासून आमच्याकडे शांतता नाही. होमिओपॅथीवरून गाडी आयुर्वेदावर गेली, तिथून निसर्गोपचारावर. परवा काकांनी लिहिलं, 'कॅनडात नॅचरोपॅथ राजरोस डॉक्टर म्हणून बसतात, आपल्याकडे मात्र त्यांना भोंदू म्हणायचं.' त्यावर पुण्यात एमडी करणारा भाचा म्हणतो, 'प्रगत देशात असली थेरं चालत नाहीत, आजोबा.' दोघांनीही दाखला दिला तो मी राहतो त्या देशाचा. मला विचारलं कुणीच नाही.

दोघांचंही चुकतंय. मी राहतो त्या ओंटारिओ प्रांतात नॅचरोपॅथ, म्हणजे निसर्गोपचारक, कायद्यात आहेत ते कालपरवापासून नव्हे. १९२५मध्ये औषधांशिवाय उपचार करणाऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात ते आले. १ जुलै २०१५पासून त्यांचा स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र कॉलेज आहे. हे कॉलेज शिकवत नाही, नोंद ठेवतं आणि कान पिळतं. आधी पदवी, मग चार वर्षांचं शिक्षण, मग परीक्षा. औषधं लिहायची तर वेगळी परीक्षा, तीही ठरलेल्या यादीपुरती. अँटिबायोटिक त्या यादीत नाही. म्हणजे काकांचे 'डॉक्टर' भाच्याच्या डॉक्टरांसारखे नाहीत, आणि भाच्याची 'थेरं' इथे पावती देऊन चालतात.

ही पावती मी स्वतः फाडतो. ऑफिसच्या बेनिफिट्समध्ये नॅचरोपॅथसाठी वर्षाला पाचशे डॉलर आहेत, डिसेंबरच्या आत संपवले नाहीत तर बुडतात. मराठी माणूस पाचशे डॉलर बुडू देईल? तेव्हा ॲसिडिटी घेऊन मी मिसिसागातल्या एका बाईंकडे जातो. त्यांनी पहिल्याच भेटीत मला 'किचरी क्लेन्झ' दिलं. मुगाची डाळ, तांदूळ, हळद, जिरं, तीन दिवस. मी मान डोलावली. घरी बायकोला सांगितलं तर ती काही बोलली नाही, फक्त कुकर जरा जोरात आपटला.

पण त्याच बाईंना एकदा सहज म्हटलं की डाव्या हाताला मुंग्या येतात. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे माझ्याकडचं नाही, आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीला जा. तिथे सात तास बसलो, निघाली मानेची शीर. तरी ते खाली ठेवलेलं पेन माझ्या लक्षात राहिलं. लायसन्सचा अर्थ मला तेव्हा कळला. त्यानं उपचार खरा ठरत नाही. आपली हद्द कुठे संपते हे त्या माणसाला लेखी माहीत असतं आणि ती ओलांडली तर कुणाला तरी जाब द्यावा लागतो, एवढंच.

आमच्या आत्याला असं पेन खाली ठेवणारं कुणी भेटलं नाही. शनिवार-रविवारच्या शिबिरात प्रमाणपत्र मिळवलेल्या एका गृहस्थांनी तिचं इन्सुलिन बंद करून दुधीचा रस सुरू केला. अकराव्या दिवशी आयसीयू. तक्रार कुठे करायची हे शोधण्यात दोन महिने गेले, मग सगळ्यांनी 'जाऊ दे' म्हटलं. साडेपाच वर्षं घासून बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाची पदवी, मिळवलेली पोरं आणि हे गृहस्थ, दोघांच्या दारावर पाटी एकच: निसर्गोपचारतज्ज्ञ. कर्नाटकात निसर्गोपचारकांच्या नोंदणीचा कायदा १९६१चा आहे. केंद्रानं २०२०मध्ये भारतीय चिकित्सापद्धतींसाठी आयोग नेमला, त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, तिबेटी सोवा-रिग्पा घेतले. निसर्गोपचार बाहेरच राहिला. आणि हे उरुळी कांचनच्या देशात! गांधीजींनी १९४६मध्ये तिथे निसर्गोपचाराचा आश्रम काढला. माझे वडील तिथे दहा दिवस राहून आले होते. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, बेचव सूप. आल्यावर महिनाभर आम्हालाही बेचव सूप. पण त्याच गांधीजींचं अपेंडिक्स १९२४मध्ये ससूनला कर्नल मॅडॉकनं कापून काढलं होतं, हे ग्रुपवर कुणी लिहीत नाही. मीही लिहिलं नाही, काकांना वाईट वाटलं असतं.

इथलं सगळं छान आहे असंही नाही. २०१८मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या एका नॅचरोपॅथनं लहान मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेपासून केलेलं होमिओपॅथिक औषध दिल्याचं गाजलं. तिच्याकडे लायसन्स होतं. गदारोळ झाल्यावर तिनं ते परत केलं. परत करायला काहीतरी होतं, असं मी भाच्याला सांगणार आहे.

आता जे ग्रुपवर सांगणार नाही ते. माझी बायको बीएएमएस आहे. कराडला तिचा नऊ वर्षांचा दवाखाना होता. इथे 'डॉक्टर' हा शब्दच कायद्यानं राखीव आहे. एमडी, डेंटिस्ट, कायरोप्रॅक्टर वगैरे ठरावीक मंडळींनीच तो लावायचा. नॅचरोपॅथनं लावला तर नावापुढे पूर्ण 'नॅचरोपॅथिक डॉक्टर' लिहायचं. चिनी वैद्यकाला २०१३मध्ये कॉलेज मिळालं, होमिओपॅथीलाही २०१५मध्ये मिळालं. आयुर्वेदाला नाही. आम्ही टोरोंटोतल्या लेस्ली स्टेशनजवळच्या नॅचरोपॅथीच्या कॉलेजात चौकशीला गेलो होतो. फीचा आकडा ऐकून परतताना सबवेत दोघंही गप्प होतो. घराचा हप्ता नुकताच सुरू झाला होता. ती आता एका फार्मसीत असिस्टंट आहे, गोळ्या मोजते. कराडची पितळी पाटी बॅगेतून आणली होती. ती बेसमेंटमध्ये फर्नेसशेजारी, विंटर टायरमागे आहे. दर एप्रिलला टायर बदलताना दिसते.

म्हणून कायद्याची बाजू मांडताना माझा आवाज जरा जास्तच चढतो. तो नियम योग्य नसेल, तर आम्ही कशासाठी गप्प बसलो?

रविवारी काकांचा फोन आला. म्हटलं आता वाद घालणार. तर म्हणाले, 'तुझं राहू दे, सूनबाईला दे. गुडघा धरलाय, काय लावू?' ती फोन घेऊन बेसमेंटमध्ये गेली आणि दार लावून घेतलं. वीस मिनिटं खालून तिचा कराडचा आवाज येत होता, प्रश्न विचारणारा, मध्येच दटावणारा. ओंटारिओच्या कायद्यात हे बसतं की नाही, मी बघितलेलं नाही.