त्या रीलमधली गल्ली जुनी नाहीये

सकाळपासून तिसऱ्या ग्रुपवर तेच रील. बीजिंगचा छ्येनमेन रस्ता, करड्या विटा, लाल कंदील, मधून डौलात जाणारी ट्राम. खाली लिहिलंय, 'चीनने वारसा कसा जपलाय बघा, नाहीतर आपण!'

अहो, काय जपलंय? २००८च्या ऑलिंपिकच्या तोंडावर तिथलं जुनं बरंचसं पाडून त्याच धर्तीवर नवं बांधलंय. ज्या छोंगवेन जिल्ह्यात तो रस्ता होता, तो जिल्हाही २०१०मध्ये शेजारच्या दोंगछंग जिल्ह्यात विलीन झाला. नावसुद्धा राहिलं नाही.

मी दोन वर्षं दोंगछंगमध्येच राहिले, ड्रम टॉवरच्या, म्हणजे जुन्या नगाऱ्याच्या मनोऱ्याच्या मागे एका हुतोंगमध्ये. हुतोंग म्हणजे बोळ. दोन्ही अंगांना आपल्या वाड्यांसारखी चौकाची घरं, पण बैठी, आणि एकेका चौकात सात-आठ बिऱ्हाडं. समोरच्या आजींकडे कबुतरं होती. तिथे कबुतराच्या शेपटीच्या पिसांना शिटी बांधतात, इवल्याशा भोपळ्याची नाहीतर बांबूची. आजींनी एकदा ती माझ्या तळहातावर ठेवली. शेंगेच्या टरफलाइतकी हलकी! थवा छपरांवरून वळला की सगळ्या बोळावर एक घुमता सूर पसरायचा, आणि दारात भाजी निवडणारी माणसं मान वर न करता सांगायची, कोणाची कबुतरं आहेत ते.

हे कुठल्या रीलमध्ये येणार?

ल्यांग सछंग आणि लिन ह्वेयिन या वास्तुतज्ज्ञ नवरा-बायकोने जुन्या चिनी इमारती शोधून त्यांची मोजमापं घेण्यात उमेदीची वर्षं घालवली. १९५०मध्ये ल्यांग जीव तोडून सांगत होते, नवी सरकारी कचेरी जुन्या शहराबाहेर पश्चिमेला बांधा. कोणी ऐकलं नाही. २०१२मध्ये याच दोंगछंगमधलं त्या दोघांचं एकेकाळचं राहतं घर पाडलं. कारण काय दिलं, तर 'दुरुस्तीसाठी पाडलं'! संताप होतो माझा.

एक दिवस आजींच्या भिंतीवर गोलात 'छाय' उमटलं. छाय म्हणजे पाडा. आजी काही बोलल्या नाहीत, दाणे टाकत राहिल्या.

हो, मान्य आहे, उणे दहा अंशांत गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासाला जाणं काही सुखाचं नव्हतं. नव्या घरात आजींना स्वतःचं न्हाणीघर मिळालं, चोवीस तास गरम पाणी मिळालं. त्या स्वतःच कौतुकाने सांगतात.

२०२४मध्ये युनेस्कोच्या आपल्या दिल्लीतल्याच बैठकीत बीजिंगचा मध्य अक्ष, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध दक्षिणोत्तर जाणारी वास्तूंची रांग, जागतिक वारशाच्या यादीत गेला, ड्रम टॉवरसकट. आनंदच झाला मला. पण आजींचा बोळ कुठल्या यादीत घालणार?

आता त्या चौदाव्या मजल्यावर राहतात. कबुतरं पाळायला परवानगी नाही, मुलाने देऊन टाकली. बोळातल्या सवयीने दिवसभर दार मात्र सताड उघडं ठेवतात. मग शेजारीण येऊन सांगते, आजी, तुमचं दार लावायचं राहिलंय.