हिरवी रेघ उमटली? अभिनंदन!

तुमच्या फोनच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत ओळंबा लावल्यासारखी एक पोपटी रेघ उमटली असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन. तुमचा फोन वयात आला. माझा गेल्या महिन्यात आला. सोमवारी रात्री ‘अपडेट उपलब्ध आहे’ ही पाटी दहाव्यांदा उगवली, मी कंटाळून ‘होय’ म्हटलं, फोन चार्जिंगला लावला आणि झोपलो. सकाळी गजर बंद करायला हात लावतो तर रेघ. वाढीव वॉरंटी संपून एकेचाळीस दिवस झाले होते. साडेसातीसुद्धा इतकी वेळेवर येत नाही.

ज्यांची रेघ अजून उमटायची आहे, त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

अपडेट नेहमी श्रद्धेने करावं. शंका घेऊ नये. इटलीतल्या लोकांनी घेतली, तर काय झालं बघा. तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये, अपडेट गळ्यात मारून जुने फोन मंदावले म्हणून ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड ठोठावला. फ्रान्सनेही २०२० मध्ये ॲपलकडून अडीच कोटी युरो वसूल केले. कशाबद्दल? तर अपडेटमुळे फोन मंदावू शकतो हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं नाही म्हणून. केवढा संशयी स्वभाव! आपण भाविक माणसं. अपडेटमध्ये नवीन काय आहे, हे आपण सत्यनारायणाच्या पोथीइतकंही ऐकत नाही.

वॉरंटी कार्ड जपून ठेवावं. कशासाठी, ते विचारू नये.

जुना चार्जर फेकू नये. नव्या फोनच्या खोक्यात हल्ली फक्त वायर आणि पर्यावरणाची काळजी येते.

रेघेमागचं शास्त्र मात्र समजून घ्या, म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये अपमान नीट समजतो. ओएलईडी जातीच्या पडद्यात पाठीमागे वेगळा दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. ठिपक्यांच्या उभ्या रांगांना कुठे किती उजळायचं याचा हुकूम ज्या तारांतून मिळतो, त्या केसाहून बारीक. पडद्याच्या कडेला एका पातळ पट्टीवर त्या चिकटवलेल्या असतात. ही चिकटवण उष्णतेने, दाबाने किंवा दमटपणाने सुटली की त्या रांगेला हुकूम मिळेनासा होतो आणि ती अडकून बसते, कायमची पेटलेली. मोठं अपडेट झालं की फोन सगळी ॲप नव्याने जुळवत बसतो आणि चांगलाच तापतो. त्यात तो उशीखाली, त्यात आपला एप्रिल. पण ही साखळी तुम्ही जोडायची नाही. कंपनीच्या शास्त्रात आधी अपडेट येतं, मग रेघ येते आणि मधे योगायोग असतो.

कस्टमर केअरच्या चॅटवर जी ‘ताई’ बोलते ती यंत्र आहे. तिच्याशी सौजन्याने वागावं, कारण त्या सगळ्या प्रकरणात सौजन्याने बोलणारं पुन्हा कोणी भेटत नाही.

आता सर्व्हिस सेंटर. इथे जाताना अर्धी रजा टाकावी, पाण्याची बाटली न्यावी आणि स्वाभिमान घरी ठेवावा. टोकन ५७, चालू नंबर १९. एसी गारेगार, कारण तीच जागा शोरूमही आहे. दुरुस्तीचं काउंटर मागच्या कोपऱ्यात, शौचालयाच्या दाराशेजारी. पोचायला नव्या फोनांच्या काचेच्या टेबलांमधून वाट काढावी लागते, आणि ती वाट मुद्दामच तशी आखलेली आहे हे न कळण्याइतके आपण दूधखुळे नाही. दोन तासांनी नंबर लागला.

“सर, हा हार्डवेअर इश्यू आहे.”

“अपडेटनंतर आला.”

“अपडेट सॉफ्टवेअर असतं सर.”

या वाक्यावर मी जो गप्प झालो तो अजून गप्प आहे. मग त्याने पिन घालून सिमचा ट्रे बाहेर काढला, आत टॉर्च मारला आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा केला. आत एक पांढरा ठिपका असतो, तो पाणी लागलं की लाल होतो. माझा गुलाबी झाला होता. “लिक्विड गेलंय सर.” अहो, मी पुण्यात राहतो, पावसाळ्यात माझ्या घरातलं मीठसुद्धा गुलाबी व्हायचंच काय ते बाकी असतं! आणि हा फोन विकताना तुम्ही काय दाखवलं होतं? धबधब्याखाली उभी राहून सेल्फी काढणारी मुलगी! आयपी ६८, म्हणजे पाण्यात बुडवला तरी चालेल! पाण्याची ऐशीतैशी! वॉरंटीचा कागद उघडा, बारीक अक्षरात लिहिलंय: पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत नाही. म्हणजे फोन पाण्यात टिकतो, वॉरंटी विरघळते.

आणि हे मी रागाच्या भरात बोलत नाही. इटलीनेच नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला आणखी १ कोटी युरो दंड केला तो नेमका यासाठी: जाहिरातीत जलरोधक म्हणायचं आणि ओला झालेला फोन वॉरंटीत घ्यायचा नाही. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला पाण्याच्या असल्याच जाहिरातींपायी १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले. माझी कंपनी कोणती ते सांगत नाही. सांगून काय फरक पडतो? काउंटर तेच, पिन तीच.

“काही मॉडेलांना पडदा फुकट बदलून देतात म्हणे, रेघेसाठी?”

“हो सर, पण तुमचं मॉडेल लिस्टमध्ये नाही.”

यादीत माझ्या आधीचं मॉडेल आहे. माझ्या नंतरचंही आहे. मधल्या मुलासारखं माझंच तेवढं राहिलं. म्हणजे रोग आहे हे मान्य, रेघ कारखान्यातूनच येते हे मान्य, पण रोग्याने आपलं नाव यादीत आहे का ते बघून आजारी पडायला हवं होतं.

मग अंदाजपत्रक. पडदा १३,९०० रुपये. फोन घेतला होता २८,९९९ ला. डेटा जाईल, त्याची जबाबदारी आमची नाही, इथे सही करा. ती सही पडद्यावर करायची, आणि कशावर करतोय ते वाचायला वर सरकवलं की सहीचा चौकोन गायब होतो. एक्स्चेंजमध्ये किती येतील? १,४००. “रेघ आहे ना सर.” रेघ आहे! तुमच्याच पडद्यावर तुमचीच रेघ, आणि तिचे पैसे माझ्याकडून कापणार! तेवढ्यात काचेच्या टेबलापाशी उभा असलेला दुसरा पोरगा अलगद माझ्या शेजारी आला. “सर, नवीन मॉडेल बघता का? नो कॉस्ट ईएमआय आहे.”

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीतही जाऊन यावं, निदान माणसाशी बोलल्याचं समाधान मिळतं. तिथला कारागीर दुरूनच म्हणाला, “ग्रीन लाइन ना? आज चौथा आलाय.” फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा पडदा, बदलावा लागेल. ओरिजिनल बाहेर मिळत नाही, टीएफटीचा, म्हणजे स्वस्तातल्या पडद्याचा, कॉपी फोल्डर टाकला तर साडेतीन हजार, पण बोट लावून उघडणार नाही आणि उन्हात दिसणार नाही. “राहू दे साहेब, रेघ घेऊनच वापरा.” पैसे न घेता दिलेला प्रामाणिक सल्ला त्या अख्ख्या आठवड्यात हा एकच.

आमच्या दाजींच्या फोनला दोन रेघा आहेत, एक हिरवी, एक गुलाबी. ते म्हणतात, सवय होते. हे वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यातली उपरोधाची तारसुद्धा सुटली. तेव्हा आता सरळच बोलतो.

सवय होते म्हणूनच हे चाललंय. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला: बाजारात येणाऱ्या नव्या फोनचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत, अपडेट पाच वर्षं आली पाहिजेत, आणि फोन दुरुस्त करणं किती सोपं याची श्रेणी फोनच्या लेबलवर छापली पाहिजे. फोन विकणाऱ्या कंपन्या बहुतेक त्याच, ज्या आपल्याला १३,९०० चं अंदाजपत्रक देतात. तिकडे जमतं, कारण तिकडे न जमल्यास विक्री बंद. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनाचा मुहूर्त साधून, पोर्टल निघालं. पोर्टलवर कंपन्यांच्या ग्राहकसेवेचे दुवे एकत्र मिळतात. म्हणजे मी जिथून उठून आलो, तिथेच परत जायचा रस्ता. मग २०२४ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकासाठी, म्हणजे तशाच श्रेणीसाठी, आणखी एक समिती.

सरकारला नावं ठेवून झाली. आपलं काय? दहा रुपयांच्या कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी पाच मिनिटं हुज्जत घालतो आपण. जुडी उलटीपालटी करतो, पिवळं पान काढून तिच्या तोंडावर धरतो. आणि तीस हजारांची वस्तू दोन वर्षांत मेली की म्हणतो, “चालायचंच, दोन वर्षं झाली ना.” आईच्या मिक्सरला एकवीस वर्षं झाली आहेत! त्याचं भांडं गळायला लागलं की कोपऱ्यावरचा माणूस साठ रुपयांत वायसर घालून देतो आणि कोणी सिमचा ट्रे काढून बघत नाही.

१९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर किती जणांनी फिरवलाय? जिल्हा ग्राहक आयोगात वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. वकील लागत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. बिल, सर्व्हिस सेंटरने दिलेली जॉबशीट आणि रेघेचा फोटो, एवढंच भांडवल. पण नाही. आपण व्हॉट्सॲपवर रडक्या तोंडाचा इमोजी टाकतो, चुलतभाऊ खाली ‘सेम हिअर’ लिहितो आणि रविवारी दोघेही ईएमआयवर नवा फोन घेऊन येतो. त्याच कंपनीचा! कॅमेरा चांगला आहे म्हणून!

मी अर्ज केलाय. १९१५ वरची तक्रार कंपनीने परस्पर ‘सोडवली’ आणि मला पाचपैकी किती तारे द्याल असं विचारलं, म्हणून आता आयोगात. लागेल वर्ष, लागोत दोन. आणि दाजी, सवयबिवय काही होत नाही. बिल शोधून ठेवा, बहुतेक टीव्हीखालच्या खणात विजेच्या बिलांबरोबर असेल. शनिवारी येतो, तुमचाही अर्ज लिहू. दोन रेघा आहेत, एक पान जास्त लागेल.