जॅझ ऐकायचाय? आवर्तन धरा, षड्ज सोडा

ख्याल ऐकणाऱ्या माणसाने ‘जॅझ कुठून सुरू करू?’ असं विचारलं की लोक त्याला सतार-सॅक्सोफोनचं फ्यूजन ऐकवतात. मला हे मुळीच पटत नाही. ओळखीचा राग सापडला की कान तिथेच रमतो आणि जॅझ ऐकायचा राहून जातो.

सरळ अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे जा. १९५९ चा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम, त्यातलं पहिलंच ‘सो व्हॉट’. छोट्या संथ सुरुवातीनंतर पॉल चेंबर्सचा बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) धून वाजवतो आणि बाकीचे दोन कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या दोन जुड्यांत, त्याला उत्तर देतात. इथून मोजायला लागा. चार मात्रांचा एक बार, ३२ बारचं एक आवर्तन. डेव्हिसचा ट्रम्पेट, कोल्ट्रेन आणि ॲडर्लीचे सॅक्सोफोन, बिल एव्हन्सचा पियानो, सगळ्यांची बढत याच चौकटीत होते. विलंबित एकतालात समेची वाट बघणाऱ्याला हे जमतंच.

खरी गंमत पुढे आहे. पहिले १६ बार स्वर काफी थाटाचे, गंधार-निषाद कोमल. मग ८ बार सगळं सप्तक अर्ध्या सुराने वर सरकतं. षड्जासकट! शेवटचे ८ बार पुन्हा मूळ जागी. तानपुऱ्याच्या अढळ ‘सा’वर पोसलेल्या कानाला हा धक्का आहे, आणि मला तो विलक्षण सुंदर वाटतो. इतर कित्येक रचनांत बार-दोन बारला कॉर्ड बदलतो, नवख्याचा पायच ठरत नाही. इथे बदल मोजके, म्हणून ते नीट ऐकू येतात. शिवाय हाय-हॅट, म्हणजे ड्रमवाल्याची पायाने वाजणारी झांजांची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजते. टाळी तिथे देऊन बघा, पहिलीवर नको. झुलणं म्हणजे काय ते अंगाला कळेल.

कोल्ट्रेनने रविशंकरांवरून मुलाचं नाव रवी ठेवलं, हे आपण अभिमानाने सांगतो. जरूर सांगावं. पण कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनमधली आर्तता अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांमधून आणि त्यांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलेली आहे. ते न ऐकता फक्त आपले राग त्याच्यात शोधत बसणं मला त्याच्यावर अन्याय वाटतो.

‘सो व्हॉट’ पाठ झालं की तेच पुन्हा लावा आणि या वेळी एकट्या बासच्या मागे जा. षड्ज कधी सरकला, हे सगळ्यात स्वच्छ तिथेच कळतं.