डोकं नसलेला बेस गिटार मोडका नाही

यवतमाळ, दारव्हा, दिग्रसकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या मोबाइलवर एक फोटो फिरतोय: काळा, लांबट खोक्यासारखा, वरचं डोकंच नसलेला बेस गिटार. खाली लिहिलंय, ‘मोडका माल, सूर धरत नाही, घेऊ नका.’ भाऊ, हे खोटं आहे. आमच्या गावचा एक पोरगा स्वस्तात मिळालेला असाच बेस परत करायला निघाला होता, म्हणून लिहितो.

हा बेस मुळातच असा असतो. अमेरिकेच्या नेड स्टाइनबर्गर यांनी तो १९८०च्या सुमारास आणला. लाकडाऐवजी ग्रॅफाइट आणि इपॉक्सी (घट्ट होणारी राळ), खुंट्या वर नाहीत, खाली ब्रिजपाशी, म्हणजे तारा खालच्या बाजूला जिथे टेकतात तिथे. तारेची लांबी नेहमीच्या बेसइतकीच, ३४ इंच, त्यामुळे खर्जही तोच. शिवाय ग्रॅफाइट ओलावा पीत नाही. मे महिन्यात तापणाऱ्या अन् जुलैत भिजणाऱ्या आपल्या भागात लाकडी मान वाकते, ही ग्रॅफाइटची मान सहसा वाकत नाही. पुढे वादकांची आवड पुन्हा लाकडी बेसकडे वळली, म्हणून तो मागे पडला.

अडचण एकच, तारांची. मूळ स्टाइनबर्गरला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागतात, त्या मागवाव्या लागतात. डोकं नसलेल्या काही इतर बेसना मात्र साधी तारही चालते. घेण्याआधी एवढं विचारून घ्या.