शंबा जोशी आपल्याही कपाटात हवेत

४ जानेवारी हा कन्नड संस्कृतीचे अभ्यासक शं. बा. जोशी यांचा जन्मदिवस. धारवाडकडे 'शंबा' एवढं म्हटलं तरी पुरतं. आपल्या बेळगाव-खानापूरच्या मराठी वाचणाऱ्या माणसांत मात्र हे नाव काढलं की समोरच्याला बहुतेक वेळा ते ठाऊकच नसतं. ठाऊक असलंच तर "महाराष्ट्र मुळात कानडी होता म्हणणारे तेच ना?" असं विचारून विषय संपवला जातो. मला हे बरेच दिवस खुपतंय, म्हणून आज जरा लांबलचक लिहिते.

माणूस आपल्याच जिल्ह्यातला. जन्म १८९६ चा, सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूर गावचा. आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पुढे त्याच मुलखातून वाहते. पुढचं आयुष्य धारवाडात शाळामास्तरकी करण्यात गेलं. दिवसभर शाळेतली पोरं आणि उरलेल्या वेळात देव, सण, गावांची नावं, जातीजातींच्या चालीरीती यांचा शोध. १९३३ साली 'कण्मरेयाद कन्नड' आलं, म्हणजे नजरेआड झालेलं कन्नड. 'कर्नाटक संस्कृतीय पूर्वपीठिके'ला १९७० चा साहित्य अकादमी पुरस्कार. १९८१ ला मडिकेरीच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. १९९१ मध्ये गेले, वयाच्या ९६ व्या वर्षी.

आणि १९५२ साली त्यांनी एक पुस्तक मराठीत लिहिलं, 'मऱ्हाटी संस्कृति : काही समस्या'. यावर मला जरा थांबायचंय. मराठी विद्वानांची मतं त्यांना पटत नव्हती. ती कन्नडमध्ये खोडून काढली असती, तर धारवाडात टाळ्या मिळाल्या असत्या आणि पुण्यात कुणाला पत्ताही लागला नसता. पण ज्यांच्याशी वाद घालायचा त्यांच्या भाषेत जाऊन घालायचा, हे त्यांनी केलं. आपल्या बाजूने किती अभ्यासक कन्नडमध्ये लिहून धारवाडच्या वाचकांसमोर उभे राहिले? मी शोधते आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. महाराष्ट्राच्या लोकजीवनाचा सगळ्यात जुना थर गुरं-मेंढरं राखणाऱ्या लोकांचा आणि ते लोक कन्नड बोलणारे होते. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या दरबारातला नवव्या शतकातला 'कविराजमार्ग' हा ग्रंथ कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचं सांगतो. ते धरून शंबा पुढे गेले आणि गावांची नावं, कुळांचे देव, नवस-सायास यांत त्या थराच्या खुणा शोधू लागले.

मला त्यांचं सगळं पटत नाही, आणि तेही स्पष्ट लिहिते. गावांच्या नावांची फोड करताना ते कधी कधी फार भरभर धावतात. उच्चार जुळला की नातं जुळलं, असं होत नाही. तळाचा एक थर सापडला म्हणून वरचे सगळे थर त्याच्याच मालकीचे होत नाहीत. त्यांनी हे काम सुरू केलं ते दिवस कर्नाटक एकीकरणाच्या चळवळीचे होते, आणि तो आवेश पानापानांवर दिसतो. पण हे वाद त्यांची पुस्तकं पुढ्यात घेऊन घालावेत. नुसतं नाव ऐकून नाक मुरडणं हा काही वाद नव्हे.

कारण त्यांचा खरा मोठेपणा निष्कर्षात नाही, पाहण्यात आहे. आपल्या भागाचा इतिहास म्हणजे काय, तर हलशीचे कदंब राजांचे ताम्रपट, सौंदत्तीचे रट्ट राजे, बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ ची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. हे सगळं महत्त्वाचंच. जे. एफ. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने इथले शिलालेख वाचले नसते तर आपण अंधारात असतो. (याच फ्लीटनी संगोळ्ळी रायण्णाचे कन्नड पोवाडेही जमवून छापले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.) पण ताम्रपटात राजा असतो, दान असतं, दान घेणारा असतो. शेळ्या राखणारा नसतो, परडी घेऊन दारोदार हिंडणारी नसते. त्यांचा इतिहास लिहायचा तर कागद कुठला? शंबांचं उत्तर असं, की त्यांचे देव, त्यांची गाणी आणि त्यांच्या रूढी हाच त्यांचा कागद.

आपल्याकडे हेच काम रा. चिं. ढेरे यांनी केलं. मावळातल्या निगडे गावचा आईबापाविना वाढलेला मुलगा, रात्रशाळेत शिकलेला. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात त्यांनी पंढरीच्या विठोबाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यालाच मिळाला. 'लज्जागौरी'त ते रेणुका-यल्लम्माकडे वळले. शिखर शिंगणापूरवर लिहिताना तर भोसल्यांचं मूळ त्यांनी दक्षिणेतल्या होयसळांपर्यंत नेलं. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं ते त्यांनी गंभीरपणे घेतलं. गंमत म्हणून सोडून दिलं नाही. एक जण धारवाडातून उत्तरेकडे निघाला, दुसरा पुण्यातून दक्षिणेकडे, आणि दोघे ज्या मुलखात पोहोचले तो आपला मुलूख. ढेऱ्यांना आपण डोक्यावर घेतो, आणि घ्यायलाच हवं. मग शंबांनी तसंच काही म्हटलं की आपल्याला ते परकं का वाटतं?

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराचंच घ्या. मार्गशीर्षातल्या पुनवेला, आपल्या बायका जिला रांडव (विधवेची) पुनव म्हणतात तिला, कोल्हापूरकडून गाड्यांच्या रांगा लागतात. माघात अहेव (सवाष्णीची) पुनव. माझी आजी दरवर्षी जायची. घरी आल्यावर पडली, म्हणजे देवीची नैवेद्याची परडी, भरायची, त्यात आंबील, घुगऱ्या, वांग्याची भाजी, भाकरी. आमच्या गल्लीत एक जोगतीण, म्हणजे यल्लम्माला वाहिलेली बाई, यायची, डोक्यावर जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) आणि साथीला चौंडकं हे तंतुवाद्य. आमच्या दारात ती मराठी पद म्हणायची, चार घरं सोडून लिंगायतांच्या दारात कन्नड. चाल तीच, देवी तीच. भाषा बदलताना ती क्षणभरही अडखळायची नाही. (त्या जोगतिणीच्या आयुष्याची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. देवाला मुली सोडण्यावर १९८२ साली कर्नाटकात कायद्याने बंदी आली, ते योग्यच झालं. पण बाईचे हाल थांबले पाहिजेत, तिच्या गळ्यातलं गाणं नव्हे.)

ती पदं कुणी लिहून घेतली? मराठीचा अभ्यासक आला असता तर त्याने निम्मी घेतली असती, कन्नडचा आला असता तर उरलेली निम्मी. पूर्ण बाई कुणाच्याच वहीत आली नसती. सीमाभागातल्या लोकसाहित्याचं हेच मोठं नुकसान झालंय. दोन राज्यांच्या दोन अकादम्या, दोन विद्यापीठं, दोन याद्या, आणि आपली माणसं मात्र दोन्हीकडे अर्धी अर्धी.

आता कुणी म्हणेल, बाई, तुला सीमालढ्याचं काही वाटतं की नाही? वाटतं. १७ जानेवारीला मी हुतात्म्यांना नमस्कार करायला जाते. १९५६ च्या गोळीबाराच्या आणि १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या गोष्टी मी घरात ऐकत वाढले. माझ्या मुलांना सातबारा आणि सरकारी नोटिसा आपल्या भाषेत मिळाव्यात, हा माझा हक्क आहे आणि त्यासाठी मी मोर्चात चालते. पण तो हक्क आज इथे राहणाऱ्या माणसांचा आहे. हजार वर्षांपूर्वी इथला मेंढपाळ कुठली भाषा बोलत होता, यावर तो अवलंबून नाही. शंबा उद्या शंभर टक्के खरे ठरले तरी माझा एक शब्दही कमी मराठी होत नाही. मग भीती कशाची?

याच बेळगावात १९२९ साली शि. म. परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झालं आणि त्याच वर्षी कन्नड लेखक मास्ती व्यंकटेश अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली कन्नड साहित्य संमेलनही झालं. दोन्ही मांडवांना पुरेल एवढं हे गाव तेव्हाही मोठं होतं.

माझं मागणं साधं आहे. शंबांचं ते मराठी पुस्तक नव्याने छापलं जावं, हवं तर त्यांना खोडून काढणाऱ्या प्रस्तावनेसह. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ यांनी मिळून यल्लम्मा, बिरोबा आणि जात्यावरच्या ओव्या यांचं दोन्ही भाषांतलं ध्वनिमुद्रण करावं. जोगतिणी, धनगर, गोंधळी यांतले म्हातारे गळे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. आणि गावोगावचे जे निवृत्त मास्तर स्वतःच्या पेन्शनमधून गावाचा इतिहास छापतात, त्यांच्या पुस्तिका सार्वजनिक वाचनालयात एका कपाटात तरी एकत्र ठेवल्या जाव्यात. १८४८ पासूनचं वाचनालय आहे आपलं, तिथे जागा निघेल.

तोवर आम्ही काही जण दर महिन्याला बसून शंबा आणि ढेरे शेजारी शेजारी ठेवून वाचणार आहोत. कन्नड वाचता येणारे दोघे सोबत आहेत, आणखी हवेत. 'मऱ्हाटी संस्कृति'ची जुनी प्रत कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत, माळ्यावर, शाळेच्या कपाटात असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. मी स्वतः येऊन नेईन आणि वाचून झाल्यावर परत आणून देईन. चंदगड, निपाणी, हुक्केरी, कुठेही असा.